शांत पट्टा

‘तळ साफ करा,’ असा संदेश सकाळपासून चौथ्यांदा पडद्यावर उमटला आणि तृप्ती कोयंडेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तळ साफ करा म्हणे! निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः पाण्यात उतरून तळावर हात फिरवलाय. एक कालव चिकटलेलं नव्हतं. ह्याच्या बापाने बघितला होता का तळ?”

“यंत्राक बापूस नसता गो,” दारात चहाचे पेले घेऊन उभे असलेले जानूकाका म्हणाले. “म्हणान तर असा बोलता.”

एरवी ती खो खो हसली असती. आज तिने पेला घेतला आणि डिझेलच्या काट्याकडे बघत तो गार होऊ दिला.

‘अबोली’ ही चौदा मीटरची मोटर क्रूझर लक्षद्वीपहून मुंबईजवळच्या मांडव्याला परत निघाली होती. तृप्ती तिची कॅप्टन, जानू मेतर इंजिनवाले, आणि सहा प्रवासी. तृप्ती आणि काका दोघंही देवगडचे गाबीत, पिढीजात मासेमार. तृप्तीच्या वडिलांच्या होडीवर काका वीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते, आणि सुकाणू धरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. प्रवासाची दुसरी रात्र संपून सात मेची सकाळ उजाडली होती. इंजिनाच्या फेऱ्या बघता बोट ताशी नऊ मैलांनी धावायला हवी होती. प्रत्यक्षात ती रात्रभर पाच मैलांनी सरकत होती. मधले चार मैल गेले कुठे? उत्तर ‘ओघ’कडे तयार होतं. तळाला कालवं चिकटलीत, बोट जड झालीय, कॅप्टनने हलगर्जीपणा केलाय. डिझेल वाचवण्यासाठी वेग सातवर आणा.

हा ओघ म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

समुद्रातलं पाणी एका जागी नसतं. त्यात नद्या असतात, रुंद, न दिसणाऱ्या, आज इथून तर उद्या तिथून वाहणाऱ्या. मोठ्या जहाजाला त्यांचं काही वाटत नाही. पण लहान टाकीच्या क्रूझरला ताशी चार मैलांचा उलटा प्रवाह आडवा आला तर तिचं अर्धं डिझेल त्याच्याशी झगडण्यातच जातं. म्हणून पूर्वी असल्या बोटी किनारा सोडून लांब जातच नसत. मग पुण्याच्या ‘नीलवाट’ कंपनीने अरबी समुद्रात हजारो निळे गोळे सोडले, नारळाएवढे. प्रत्येकाच्या खाली लांब कापडी नळी लटकवलेली, म्हणजे वाऱ्याने ढकललं जाऊ नये, फक्त पाण्याने न्यावं. पाणी जिकडे जाईल तिकडे गोळा जातो आणि दर दहा मिनिटांनी आपला ठावठिकाणा उपग्रहाला कळवतो. कंपनी त्यांना ‘दर्शक’ म्हणते. ह्या दर्शकांवरून ओघ समुद्रातल्या सगळ्या नद्यांचा ताजा नकाशा मांडतो, उद्याचा अंदाज बांधतो आणि बोटीला अशी वाट आखून देतो की जमेल तिथे प्रवाह पाठीशी असावा, आणि उलटा असेल तिथे बगल देता यावी.

आणि खोटं कशाला बोला, यंत्र होतं गुणाचं. त्याच्या जिवावर सात वर्षांत शेकडो फेऱ्या सुखरूप झाल्या. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. जुन्या तांडेलांचा नियम होता, डिझेलचा एक हिस्सा जायला, एक यायला, आणि तिसरा समुद्राचा. त्या तिसऱ्याला हात लावायचा नाही. कंपनी म्हणाली, वाट आधीच ठाऊक असताना हे ओझं वाहायचं कशाला? तिसऱ्या हिश्श्याचा दहावा झाला. विमा कंपनीने मान डोलावली आणि वर अट घातली, की ओघने आखलेली रेघ सोडली तर विमा रद्द आणि कॅप्टनच्या परवान्यावर शेरा. तेव्हापासून कॅप्टन लोक समुद्राकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघू लागले.

“काका, इंजिन बंद करा,” तृप्ती म्हणाली.

“रेघेर आसताना?”

“रेघ गेली खड्ड्यात. बंद करा.”

इंजिन थांबलं. समुद्र इतका निवांत होता, की वरच्या डेकवर कोणीतरी शेंगा सोलत होतं ते खाली ऐकू आलं. वारा अजिबात नव्हता. दक्षिणेला वादळ तयार होत होतं, ते उद्या दुपारपर्यंत इथे येणार होतं, त्याआधीची ही शांतता होती. तृप्तीने घड्याळ लावलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बंद पडलेली बोट ताशी चार मैलांनी दक्षिणेला चालली होती.

“काय हो कॅप्टन, थांबलात का?” जिन्यावरून सबनीस बाई डोकावल्या. एका शाळेतले सतरा निवृत्त शिक्षक मिळून लक्षद्वीपला आले होते. त्यांतले सहा ‘अबोली’त होते, आणि अकरा मागून येणाऱ्या ‘अंबर’मध्ये. बाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता, त्यामुळे त्यांना गप्प बसवत नव्हतं.

“तळाची परीक्षा घेतेय,” तृप्तीने पडदा त्यांच्याकडे वळवला. “तळ घाण असेल तर बोट हळू चालेल. पण बंद बोट चालेल का?”

बाईंनी चष्मा वर सरकवून आकडा वाचला. “म्हणजे पाणीच नेतंय आपल्याला. पण ह्या नकाशात तर इथे ‘शांत पट्टा’ लिहिलंय.”

“लिहिलंय ना. जाहिरातीतसुद्धा लिहिलंय.”

तेवढ्यात पुण्याहून फोन आलाच. इंजिन बंद झालं की तिकडे घंटा वाजते. मार्गविभागाचे देवस्थळी बोलत होते.

“मॅडम, इंजिन का बंद केलंत?”

“देवस्थळी, तुमचा शांत पट्टा ताशी चार मैलांनी दक्षिणेला धावतोय. माझं डिझेल नऊ तासांचं उरलंय. पाच मैलांनी मी मांडव्याला पोचायला सव्वीस तास लागतील. मागे अद्वैत आहे ‘अंबर’ घेऊन, त्याच्याकडे माझ्याहून कमी असणार. त्याला आत्ताच्या आत्ता वळवा.”

“एक मिनिट, एक मिनिट. तळ…”

“तळाचं नाव काढू नका! इंजिन बंद आहे, वारा नाही. तळाला कालवं चिकटोत नाहीतर अख्खा सिंधुदुर्ग किल्ला चिकटो, बंद बोट पळते कशी?”

देवस्थळींचा आवाज मऊ झाला. लोकांना समजावायचं शिक्षण घेतलेला माणूस. “मॅडम, त्या पट्ट्यात आपले एकशे बारा दर्शक आहेत. तुमची बोट एक. एकशे बारा चुकीचे आणि तुम्ही एकट्या बरोबर? अहो, त्यांच्यातला एकही गेल्या दोन महिन्यांत शंभर हातसुद्धा हललेला नाही. इतकं शांत पाणी आहे तिथे.”

तृप्ती काही बोलायला गेली आणि तिथेच थबकली. दोन महिन्यांत शंभर हात नाही? भर समुद्रात बांधल्याशिवाय कुठली वस्तू एका जागी राहते?

“तुम्ही दर्शकांची तपासणी करता ना?” तिने विचारलं.

“करतो तर! मागे एक दर्शक ताशी साठ किलोमीटरने कणकवलीच्या रस्त्याला लागला होता. कोणीतरी टेम्पोत टाकला होता. तेव्हापासून स्थिर दर्शक अचानक पळायला लागला की आपोआप बाद होतो.”

“आणि न हलणारा?”

“न हलणाऱ्यात काय वाईट आहे?” देवस्थळी खरोखरच बुचकळ्यात पडले होते. “त्यानेच तर डिझेल वाचतं.”

ऐकलंत? वाईट बातमी सांगणाऱ्या गोळ्याला हाकलायचं, आणि चांगली बातमी सांगणारा मेलाय की जिवंत हे बघायचंसुद्धा नाही. पुण्यात थंडगार खोलीत बसून असली अक्कल पाजळायची, आणि इकडे ह्या पट्ट्यातून रखडत आलेल्या तीन-तीन कॅप्टननी आपलाच तळ घाण समजून खरवडत महिने घालवायचे! तृप्तीच्या जिभेवर शिवी आली होती. ती बाहेर पडायच्या आधी तिने पडद्यावरचा शांत पट्टा बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि शिवी घशातच राहिली.

पट्टा आंग्रिया पठाराच्या पश्चिम कडेला लागून होता. हे पठार म्हणजे किनाऱ्यापासून साठ मैलांवर समुद्राच्या पोटात उभा असलेला डोंगर. त्याच्या माथ्यावर पाणी इतकं उथळ आहे, की नांगर टाकता येतो. प्रवाह त्याच्या कडेला आपटून वर येतो, म्हणून मासळी तिथे ढिगाने. देवगडच्या होड्या तिथे नांगर टाकून जाळी बांधतात. एकशे बारा निळे ठिपके तिथेच होते, आणि ते विखुरलेले नव्हते. ओळीत होते. चार-पाच ओळी. सगळ्यांत जवळच्या ओळीत पंचवीस ठिपके होते. तीन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग दोन. पुन्हा तीन, मोकळी जागा, दोन.

देवगडात प्रत्येक घराची बोये, म्हणजे जाळ्यावरचे तरंगते गोळे, बांधायची आपली रीत असते. पाण्यात दहा जाळी असली तरी आपलं जाळं लांबून ओळखता यावं म्हणून. तीन आणि दोन ही कोयंड्यांची रीत. तृप्तीच्या आज्याची, बापाची, आणि आता तिच्या भावाची.

“मॅडम? आहात ना? ‘अंबर’ला वळवायचं तर कारण नोंदवावं लागेल. काय लिहू?”

गेल्याच वर्षी कायदा झाला होता. समुद्रातल्या मापनयंत्राला हात लावला तर पाच वर्षं आत, आणि होडी जप्त. विनायकला, तिच्या भावाला, एक बायको, दोन मुली आणि एक होडी होती.

“लिहा, कॅप्टनला वाटतं,” ती म्हणाली.

“वाटण्यावर नाही वळवता येत हो,” देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिने इंजिन चालू करायला लावलं आणि सुकाणू उजवीकडे फिरवलं, पठाराकडे, जिथे नांगर टाकून थांबता येईल आणि होड्यांकडून डिझेल मिळेल. पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला, ‘आपण विमाक्षेत्र सोडत आहात’ असं एक गोड बाई पुन्हा पुन्हा बजावू लागली. जानूकाकांनी खाली जाऊन भोंग्याचा फ्यूज काढला. नकाशा तेवढा चालू ठेवला.

रेडिओवर अद्वैत चटकन मिळाला. वय सव्वीस, शिक्षण सगळं पुण्यातल्या बंद खोलीत, खोट्या समुद्रावर. स्वभावाने सोन्यासारखा पोरगा. “हो मॅडम, वेग सातवर आणलाय. ओघने सांगितलंय ना, डिझेल वाचेल.”

“आणि खरोखर पुढे किती सरकतोयस, जमिनीच्या हिशेबाने?”

“तीन. तळ घाण आहे माझा.”

“अद्वैत, वळ. पूर्वेला पठारावर ये. मी तिकडेच चाललेय.”

“का पण, मॅडम? पट्ट्यात एकशे बारा…”

तिने माईक आपटला. तीन मैलांनी हा पोरगा दिवसभर चालत राहणार, संध्याकाळी डिझेल संपणार, आणि इंजिन बंद पडलेली क्रूझर लाटेला आडवी होते. उद्या दुपारी वादळात आडवी झालेली बोट किती वेळ तरंगते हे जानूकाकांना विचारायची गरज नव्हती. पठार त्याच्यापासून पंधरा मैलांवर होतं. पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे बोटांवर मोजता येतं: दोन तासांत तो वळला नाही, तर पठारसुद्धा त्याच्या हातचं जाणार होतं.

आठ वाजता भावाची होडी ‘गजबादेवी कृपा’ दिसली. विनायक कोयंडे वादळाआधी जाळी काढायला आला होता, आणि बहिणीची बोट बघून हात हलवत होता. होडी बाजूला लागली तशी तृप्ती उडी मारून पलीकडे गेली आणि तिने त्याच्या बखोटीला धरलं.

“ह्या निळ्या गोळ्यांना जाळ्याला का बांधलंस रे, मेल्या?”

“बोये आसत,” विनायक गोंधळून म्हणाला. “रात्री लुकलुकतत. जाळा चटकन गावता. सगळेच बांधतत.”

“ते बोये नाहीत! त्यांच्यावर बोटी चालतात! तुझ्या ह्या लुकलुकण्यापायी अकरा माणसं मरायला निघालीत तिकडे!”

तिने एका दमात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा आधी पडला आणि मग तापला. बखोटीवरचा तिचा हात त्याने झटकून टाकला.

“माझ्यार कित्याक ओरडतंस? आमच्या पाण्यात ही भुतां टाकली, आमका कोणी इचारल्यान? जाळ्यात अडाकतत, जाळी फाटतत, कोण इलो बघूक? आणि पयलो गोळो घरात कोणी हाडलो? तूच ना गो ताय!”

खरं होतं. कंपनीत लागल्यावर पहिल्याच फेरीत तिने पाण्यातून एक गोळा उचलला होता. घरी नेऊन भावाच्या मांडीवर टाकला होता, ‘घे, फुकटचा बोया’ म्हणून. खालची कापडी नळी कापून आईने तिची पिशवी शिवली होती, आणि घरातली सगळी पोट धरून हसली होती. कंपनीला काय कळतंय समुद्रातलं, म्हणून. तृप्तीला तोंडात मारल्यासारखं झालं. आपल्या लोकांना कोणी काही विचारलं नाही हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की आपणही कोणाला काही विचारलं नव्हतं. राग गेला नाही. तो आता कोणावर काढावा हेच कळेना.

“काप,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळे बोये काप. मोकळे झाले की पाण्याबरोबर पळतील, ओघला दिसेल पट्टा कसा धावतोय ते. तो आपणहून अद्वैतला वळवेल. कोणाचं नाव घ्यायला नको.”

विनायकने जाळ्याकडे बघितलं. नवं कोरं होतं, होळीच्या आधी पाण्यात टाकलेलं. बोये कापले की नांगरांच्या वजनाने तळाला जाणार, आणि तळाच्या प्रवाळात अडकलेलं जाळं पुन्हा वर येत नाही. त्याने कोयता काढला आणि दोन्ही खलाशांना हाक मारली. वीस मिनिटं तिघं दोरी ओढून ओढून कापत होते. पंचवीस निळे गोळे सुटले आणि दक्षिणेला धावत सुटले, इतके जोरात की खलाशी बघत राहिले. जाळं बुडबुडे सोडत खाली गेलं.

सगळे ‘अबोली’च्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले. सबनीस बाईही आल्या. दहा मिनिटं गेली. पहिला निळा ठिपका हलला, सरकला, आणि राखाडी झाला. मग दुसरा. मग तिसरा.

“काय होतंय?” बाईंनी विचारलं.

तृप्तीला देवस्थळींचं बोलणं आठवलं. “अचानक पळायला लागलेला दर्शक बाद. कोणीतरी टेम्पोत घातलाय म्हणे! अरे नालायका, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतायत ते!”

पंचवीसच्या पंचवीस ठिपके राखाडी झाले. शेजारच्या ओळी जागच्या जागी निळ्या होत्या. शांत पट्टा होता तस्सा होता.

“आवशीचो घोव,” विनायक हळूच म्हणाला. त्याचं जाळं पाताळात गेलं होतं, ते फुकट.

“बाकीच्या ओळी?” काकांनी विचारलं.

“त्या कापीपर्यंत दुपार होतली,” विनायक म्हणाला. “ आणि त्या पण अशोच बाद होतल्यो.”

सबनीस बाई पुढे आल्या. “कॅप्टन, त्या बोटीत आमची जोगळेकर आहे, पाटणकर सर आहेत. सरांना पोहता येत नाही. तुम्ही तुमचं बघितलंत, आम्हाला वाचवलंत, फार उपकार झाले. पण त्यांना सांगा ना. काहीतरी सांगा, ज्यावर तो मुलगा विश्वास ठेवेल.”

तृप्तीने विनायककडे बघितलं. ज्यावर तो मुलगा विश्वास ठेवेल असं एकच वाक्य होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर बोललेलं वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत प्रत्येक होडी ऐकते आणि तटरक्षक दल ते लिहून ठेवतं.

“नको गो,” विनायक म्हणाला. “ताय, नको. पोरी आसत माझे.”

“माहितीय मला.”

“दुसरा काय तरी सांग.”

“सांगितलं ना! वळ म्हणाले, विनवलं. त्याला कारण पाहिजे. त्या सगळ्या शहाण्यांना कारण पाहिजे!”

तिने माईक उचलला.

“अंबर, अंबर, अबोली बोलतेय. अद्वैत, ऐक. पट्ट्यातले दर्शक बांधलेले आहेत. मासेमारीच्या जाळ्यांना. म्हणून ते हलत नाहीत. तिथे चार मैलांचा प्रवाह आहे. वळ.”

खरखर झाली. “बांधलेले? मॅडम, तुम्हाला कसं माहीत? कोणी बांधले?”

विनायक तिच्याकडे बघत होता. तिने डोळे मिटले नाहीत. तेवढं तरी भावाचं देणं लागत होती ती.

“देवगडच्या विनायक कोयंड्याने. माझा सख्खा भाऊ आहे तो. आणि पहिला गोळा त्याला मी दिला. मी, तृप्ती कोयंडे. माझं नाव आधी लिहा.”

मग एक तिसराच आवाज आला, कोरडा, सरकारी. “अबोली, हे तटरक्षक दलाचं जहाज. सदर मासेमारी नौकेचं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा.”

माईक तिच्या हातातच राहिला. होडीचं नाव तिला तोंडपाठ होतं, नंबरही. बापाच्या काळापासूनचा. जीभ उचलेना. तेवढ्यात विनायकने तिच्या हातातून माईक हिसकावून घेतला. धक्का इतक्या जोरात बसला, की ती मागे खुर्चीवर आदळली.

“‘गजबादेवी कृपा’,” तो ओरडला, आणि नंबरही एका दमात सांगितला. “मी विनायक कोयंडे बोलतंय. बाकीच्यांची नावां इचारू नका, सांगूचंय नाय. ओ अंबर! ऐकतंस रे झिला? जाळा माझा होता. चार नांगर होते त्येका. बोये मी बांधलंय, माझ्या हातान. पाणी हय घोड्यासारख्या धावता. तो डबो बंद कर नि वळव मेल्या बोट! अजून किती नावां होयी तुका?”

मग अद्वैतचा आवाज आला, एकदम लहान झालेला. “वळतोय. कुठल्या दिशेला येऊ?”

विनायकने दिशा सांगितली, प्रवाह किती कापावा लागेल ते सांगितलं, वेग वाढव म्हणून दम भरला. मग माईक हुकाला अडकवला आणि बहिणीकडे न बघता आपल्या होडीवर गेला. पुढचे तीन तास तो तिच्याशी अवाक्षर बोलला नाही. डिझेलची दोन पिंपं त्याने सरकवत कडेला आणली. एक ‘अबोली’त रिकामं केलं, दुसरं तसंच ठेवलं. देवस्थळींचे सात फोन येऊन गेले. आठवा जानूकाकांनी उचलला आणि ‘कॅप्टन कामात आसत, तुम्ही तळ साफ करा’ असं सांगून ठेवून दिला.

सव्वाअकराला दक्षिणेला पांढरा ठिपका दिसला. ‘अंबर’ तिरकी तिरकी येत होती, नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे. तिच्या मागे आभाळाची कड काळी होऊ लागली होती. उथळ पाण्यात येऊन अद्वैतने नांगर टाकला तेव्हा त्याच्या टाकीत अर्ध्या तासाचं डिझेल होतं. सबनीस बाई कठड्याला धरून रडत होत्या आणि रडता रडता कोणाला तरी नावाने हाका मारत होत्या.

विनायक आपल्या होडीच्या टोकावर उभा राहिला आणि हाताचा भोंगा करून ओरडला, “किती माणसां?”

“अकरा!” अद्वैत ओरडला. “आणि आम्ही दोघं!”

विनायकने तरीही एकेक डोकं बोट दाखवून मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग पाइपाचं तोंड पिंपात घालता घालता, पाठमोराच, तीन तासांत पहिल्यांदा बहिणीशी बोलला.

“अकरा आसत म्हणान. नायतर तुका जल्मात माफी नव्हती.”

तृप्तीने पाइपाचं दुसरं टोक धरलं. “आणि आता आहे?”

“नाय,” विनायक म्हणाला, आणि त्याने पंप सुरू केला.